ह्यो कुणाचा?

सकीनाखाला म्हटलं की मला चेहऱ्याआधी तिची पाठ आठवते. मुलाचा जुना भुरा स्वेटर, कोपरावर विरलेला. डोक्यावरून घेतलेली पांढरी ओढणी आणि थंडी जास्त असेल तर तिच्यावरून बांधलेला मफलर. मागे एकमेकांत अडकवलेले दोन हात, ज्यांच्या नखांतली माती मी दहा वर्षांत कधी निघालेली पाहिली नाही. दर रविवारी सकाळी ती अशी आमच्याकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून उभी राहायची आणि तिच्या मागे आम्ही एकोणीस घरची माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन चुळबुळत असायचो.

आमच्या आणि तिच्यामध्ये गोणपाटावर भाजीचे एकोणीस ढीग मांडलेले असत. गोमाभाऊ, म्हणजे खालाच्या शेताचे निम्मे हात आणि पाऊण पाय, एकेका ढिगावर काठी टेकवून विचारत, "हा कुणाचा?" खाला मागे न बघता नाव घ्यायची, "डागदराचा!" की डॉक्टर पुढे होऊन ढीग पिशवीत भरणार. "हा कुणाचा?" "रेश्माचा!" होड्यांवरून उतरलेली मासळी आमच्या किनाऱ्यावर अशीच वाटतात. बघणाऱ्याने नाव घ्यायचं नाही आणि नाव घेणाऱ्याने बघायचं नाही. म्हणजे भांडायला जागाच उरत नाही. खालाने ती रीत मासळीवरून उचलून मुळ्यावांग्यांना लावली होती.

बोर्ली पंचतनहून खाडीकडे उतरलं की बांधाच्या आत तिचं दोन एकरांचं शेत. पावसात भात आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. विहिरीजवळच्या उंच तुकड्यात वांगी, मुळा, माठ, मिरच्या, लाल भोपळे. दसऱ्याला आम्ही एकोणीस घरांनी जमेल ते आधीच देऊन ठेवायचं. कुणी शेणखत, कुणी पैसे, कुणी हिवाळाभर आठवड्यातून एक दिवस अंगमेहनत. मग होळीपर्यंत दर रविवारी वाटा. पीक जोमात आलं तर भरून येणार आणि किडीनं खाल्लं तर किडीनं ठेवलं तेवढं येणार. माझी नात या प्रकाराला इंग्रजीतलं काहीतरी लांबलचक नाव सांगते. खाला आम्हाला नुसतं 'वाटेकरी' म्हणायची. कुणी चुकून 'गिऱ्हाईक' म्हणालं तर तिच्या कपाळावरची शीर उडायची.

मी तेव्हा अवघी अठ्ठावन्न वर्षांची पोर होते. पनवेलला तेहतीस वर्षं मराठी शिकवून मी शाळेतून सुटले होते (कोण कोणाच्या तावडीतून सुटलं याबद्दल आमच्या हेडमास्तरांचं मत निराळं असेल) आणि आमच्या ह्यांच्या गावी राहायला आले होते. उरलेलं आयुष्य निसर्गाच्या सान्निध्यात काढायचं, असं मी ठरवलं होतं. निसर्गाला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी मी इस्त्रीची सुती साडी नेसून, वर माझ्या जावयाची क्रिकेटची टोपी घालून शेतावर गेले. ढीग पाहिले. एकात वांगी कशी तुकतुकीत होती. मी सरळ वाकले आणि ती पिशवीत भरायला लागले. भोवताली एकदम शांतता पसरली. मला वाटलं, माझ्या निवडीचं कौतुक चाललंय.

"कोण वाकलं?" खालाने खाडीकडे बघतच विचारलं.

"नवी वाटेकरीण हाय, खाला. मास्तरीण," गोमाभाऊ हळूच म्हणाले.

"ठेव ते, मास्तरीण. वाटा निवडायचा नसतो. येतो."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही कोण? मी एकटीच उभी हाय हितं. आन् कळायला काय झालं? बांगड्या वाजल्या ना तुझ्या."

मी वांगी परत ठेवली. त्या दिवशी माझ्या वाट्याला एक प्रचंड लाल भोपळा आला आणि त्याखाली दबलेल्या मेथीच्या तीन जुड्या. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा भोपळा. असे लागोपाठ पाच रविवार सगळ्यात मोठा ढीग माझा! मी ठाण्याला बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, आयुष्यभर पोरांना भोपळे वाटले, आता मला मिळतायत. माझं नशीबच बलवत्तर." आमचे हे तेव्हा मांडीचं हाड मोडून पलंगावर पडलेले होते. न्हाणीघरात घसरले होते. ते तिथून म्हणाले, "नशीब बलवत्तर तुझं, आणि भोपळ्याची भाजी रोज खायची मी."

नव्या माणसाला सुधारणेची जी घाई असते ती मला तिप्पट होती. मी तीन रंगांच्या शाईत एक तक्ता केला. कुणाला कुठल्या रविवारी काय, किती, पाळीपाळीने. खालाने तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला, "कागद जाड हाय," म्हणाली. दुसऱ्या रविवारी त्यावर मिरच्या वाळत होत्या. मग मी पनवेलहून एका छापील पिशवीतलं महागडं खत आणलं. खालाने चिमटीत धरून ते जिभेवर ठेवलं आणि थुंकली. "ह्याच्यात जीव न्हाय. यापरीस च्याचा चोथा बरा."

चाखणं हा तिचा स्वभावच होता. माती चाखायची, बी चाखायची, शेणखताचा वास घेऊन थांबायची हे आमचं भाग्य. पण रोज सकाळी, चहाच्याही आधी, ती विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "गोड." मग दिवस सुरू. बांधापलीकडे खाडी, खाडीपलीकडे समुद्र. एकदा खारं पाणी आत शिरलं की विहीर गेली आणि विहीर गेली की हिवाळा गेला. मी एकदा विचारलं, "खाला, रोज काय चाखायचं? वर्षानुवर्षं गोडच आहे की."

"तुझा नवरा रोज उठतो तवा तू बघतेस का न्हाय?"

"आता बघते," मी म्हणाले. खोटं होतं, पण त्या दिवसापासून बघायला लागले.

तिचा मुलगा अल्ताफ मस्कतला. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन. खाला फोन कानाला लावायची नाही. हातभर लांब धरून, मस्कतपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायची, त्यामुळे मायलेकांचं खासगी बोलणं अख्ख्या शिवाराला पाठ होतं.

"अम्मी, आता बस झालं. शेत दे कुणाला तरी. इकडे ये."

"येते रे बेटा. पाठ करून उभं राहणारं माणूस मिळू दे. मग येते."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वालाच्या ओळीत खुरपत होते, म्हणजे खुरपं धरून बसले होते. मी ताडकन उठून म्हणाले, "खाला, पाठ करणं हा तर माझा जन्माचा धंदा! एकोणीस नावं म्हणजे काय, दोन वर्गांची हजेरी मला तोंडपाठ असायची."

खाला म्हणाली, "ते पाठ न्हाय ग. ही पाठ." आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "तुला जमायचं न्हाय. तुला बघायची खोड हाय."

मला अपमान वाटला. पण बाकीच्यांना हायसं वाटलं, कारण सगळ्यांना मनातून एकच धास्ती होती. असं माणूस मिळालं तर खाला जाईल आणि मिळालं नाही तरी ती कधीतरी थकेलच. मग वाटे बंद, शेत कुणा रिसॉर्टवाल्याच्या घशात आणि आमच्या रविवारच्या पिशव्या रिकाम्या. खालापाशी हा विषय कुणी काढत नसे. नुसते तिच्या गुडघ्यांकडे बघत.

अल्ताफ फोनबरोबर वस्तूही पाठवायचा. खजुराचे मोठे पत्र्याचे डबे यायचे. खजूर आम्ही खायचो आणि डब्यात खाला बी ठेवायची. पुढल्या सालच्या बियांचा तो डबा तिच्या उशाशी असायचा, त्याला हात लावायची गोमाभाऊंनाही मुभा नव्हती. एका वर्षी त्याने थंडीसाठी जाडजूड लोकरी ब्लँकेट पाठवलं. त्यावर हा एवढा पट्टेरी वाघ, तोंड उघडून. खालाने ते अंगावर घेऊन पाहिलं, म्हणाली, "ह्याच्यासंगती झोप लागंल का मला?" आणि दुसऱ्या दिवशी ते शेतात दोन बांबूंवर ताणून उभं केलं. माकडांसाठी.

तीन दिवस माकडं फिरकली नाहीत. खाला अशी मिरवत होती की वाघ जणू तिनेच विणलाय. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर ब्लँकेट खाली पाडलेलं आणि त्यावर अख्खं खानदान ऊन खात बसलेलं. एक म्हातारी माकडीण वाघाच्या तोंडावर बसून आमच्या वालाच्या शेंगा सोलत होती.

"बघ," खाला मला म्हणाली, "त्यांस्नी पण थंडी वाजते."

मी हसत होते. मला ठाऊक नव्हतं की पुढचा तमाशा माझाच आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या कानांना एक गोष्ट टोचायला लागली. गोमाभाऊ काठी टेकवत आणि म्हणत, "हा कुणाचा?" "हा कुणाचा?" आणि मध्येच, "ह्यो कुणाचा?" मग परत "हा". ज्या बाईने तेहतीस वर्षं लाल शाईवर काढली तिला हे सोसवेना. विद्यार्थ्याने चूक करावी, पण निदान एकच चूक सगळीकडे करावी. एका रविवारी वाटे सुरू व्हायच्या आधी मी त्यांना विहिरीमागे गाठलं.

"गोमाभाऊ, 'ह्यो' असं नाही. 'हा'. दर्शक सर्वनाम आहे. सगळीकडे 'हा'च म्हणायचं."

गोमाभाऊंनी मास्तरांच्या धाकाने चौथीतून शाळा सोडली होती. त्याला पन्नास वर्षं झाली होती, तरी मी 'सर्वनाम' म्हटल्याबरोबर त्यांचे हात आपोआप छातीवर घडी झाले. "पण बाई, ते..."

"सवय आहे, माहीत आहे. प्रयत्न केला की जाते."

"जी, बाई."

आणि खरंच गेली. त्या रविवारी एकोणीसच्या एकोणीस 'हा'! मला वर्गात पहिली आल्याचा आनंद झाला. खाला मात्र नावं घेताना अडखळली. पुढच्या रविवारी जास्तच अडखळली. मला वाटलं, वय झालं. रेश्मा ही होडीवरच्या खलाशाची बायको. तिचं बाळंतपण होऊन दोन महिने झालेले, नवरा समुद्रावर. तिच्या वाट्याला लागोपाठ दोनदा दोन मुळे आणि मूठभर मिरच्या आल्या. आणि दिवेआगरला होमस्टे चालवणाऱ्या जोडप्याला, ज्यांच्या फ्रीजमध्ये मावत नाही म्हणून ते पाहुण्यांना भोपळा भेट द्यायचे, त्यांना दोनदा सगळ्यात मोठा ढीग.

तिसऱ्या रविवारी गोमाभाऊंनी सगळ्यात मोठ्या ढिगावर काठी टेकवली. "हा कुणाचा?"

खालाने मागे अडकवलेले हात सोडले.

"हा कुणाचा, खाला?"

आणि खाला वळली. दहा वर्षांत ती एकदाच वळली, ती तेव्हा. सगळ्यांनी असा श्वास ओढला जसा काही सूर्यच उलटा उगवलाय.

"गोम्या, तुझ्या जिभेला काय झालं?"

गोमाभाऊंनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून चुगली न करणारा तो एकमेव विद्यार्थी.

"मीच सांगितलं त्यांना," मी छाती काढून म्हणाले. "शुद्ध बोला म्हणून."

खालाने कपाळाला हात लावला. "या अल्ला! मास्तरणीच्या एका 'हा'नं माझ्या वाट्यांचं वाटोळं केलं!"

मग मला सांगण्यात आलं. 'हा' म्हणजे साधा ढीग. 'ह्यो' म्हणजे मोठा. त्या आठवड्यात ज्या घरात जड दिवस असतील त्या घराचं नाव खाला 'ह्यो'ला घ्यायची. पाठ तिची खरीच असायची, डोळे खरेच खाडीकडे. फक्त गोमाभाऊंचं व्याकरण तिला सगळं सांगून जायचं.

मी हार मानणारी नव्हते. "पण ही तर फसवणूक झाली! सगळ्यांना कळलं तर?"

"सगळ्यांस्नी ठावं हाय," खाला म्हणाली.

मी वळून बघितलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. होमस्टेवाली आकाशात घारी शोधत होती. रेश्मा बाळाची टोपी नीट करत होती.

"म्हणजे मला एकटीलाच..."

"ज्याच्याकडं 'ह्यो' येतो त्याला सांगत न्हायत, बाई," गोमाभाऊ एखाद्या रडव्या पोराला समजवावं तसे म्हणाले. "एरवी हळूहळू कळतं. तुमचं लई लवकर आलं ना, मग सांगायचं राहूनच गेलं."

तेव्हा मला तो पाच रविवारचा भोपळा आठवला. पलंगावर पडलेले आमचे हे आठवले. ठाण्याला केलेला फोन आठवला. मी पिशवी घेतली आणि विहिरीमागे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने खाला आली, माझ्याकडे न बघता ओंजळभर पाणी काढून प्यायली आणि म्हणाली, "नशीब चांगलंच हाय ग तुझं. त्यात खोटं काय?"

शिक्षा म्हणून मला महिनाभर माकडांवर नेमलं. गोमाभाऊंना 'ह्यो' परत आणायला दोन रविवार लागले. इतकी माझी शिकवणी पक्की होती.

त्याच हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या उधाणाला बांध फुटला. दहा बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खांड पडली आणि खाडी शेतात शिरली. ओहोटीला पाणी गेलं, पण खालच्या तुकड्यातला वाल शिजवलेल्या पालेभाजीसारखा आडवा पडला. खालाने तिथली माती जिभेवर ठेवली आणि थुंकली नाही. नुसती गिळली. मग विहिरीवर गेली. आम्ही सगळे मागे. तिने पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणि फार वेळाने म्हणाली, "अजून गोड हाय." पाणी विहिरीपासून वीस पावलांवर येऊन परतलं होतं. पौर्णिमेचं उधाण त्याहून मोठं येणार होतं.

त्या शुक्रवारी अल्ताफ म्हणाला, "अम्मी, ह्या वेळी मी तिकीटच पाठवतो."

खालाने नेहमीचं उत्तर दिलं नाही. फोन तसाच लांब धरून ती म्हणाली, "पुनव होऊ दे. पाणी गोड राह्यलं तर न्हाय येत. खारं झालं तर पाठव."

हातात आठ-नऊ दिवस होते, भांगाचे, म्हणजे भरती कमी असते तेव्हाचे. रविवारी आम्ही सवयीने पिशव्या घेऊन गेलो. गोणपाटावर काहीच नव्हतं. वाटायला काही उगवलंच नव्हतं. पण फुटलेल्या बांधावर गोमाभाऊंनी अठरा काठ्या रोवून खांडीचे एकोणीस तुकडे केले होते आणि खाला आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"हा कुणाचा?" गोमाभाऊंनी पहिल्या तुकड्यावर काठी टेकवली.

"होमस्टेचा!"

कुणी काही विचारलं नाही. पिशव्या खाली ठेवल्या. मला एवढं कळलं की कामाच्या वाट्यात 'ह्यो' म्हणजे सोपा तुकडा असणार, कडेचा, कोरडा. माझा गुडघा तेव्हा कुरकुरायला लागला होता. मी मनातल्या मनात 'ह्यो, ह्यो' करत वाट पाहत होते.

"ह्यो कुणाचा?"

"डागदराचा!"

डॉक्टर आनंदले. "वा! माझं नशीब!" म्हणाले. त्यांच्या कमरेतला मणका सरकलेला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते स्कूटरवर कसे तिरके बसतात ते खालाने पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी लगेच इकडेतिकडे पाहिलं. मी एक घार शोधून काढली.

"हा कुणाचा?" काठी अगदी मधोमध, जिथे चिखल कंबरभर होता.

"मास्तरणीचा!"

मला राग आला. आणि सांगायला लाज वाटते, पण छातीही दोन बोटं फुगली.

आठ दिवस आम्ही चिखल, पेंढा आणि दगड यांचे थर दिले. माझ्या तुकड्यात गोमाभाऊंनी आणि समुद्रावरून परतलेल्या रेश्माच्या नवऱ्याने माझ्यापेक्षा दसपट काम केलं, तरी तो माझाच तुकडा. माझी एक चप्पल आजही त्या बांधात आहे. होमस्टेचे पुण्याचे पाहुणे फोटो काढायला आले. खालाने त्यांच्या हातात घमेली दिली. संध्याकाळी ते इतके माखले होते की होमस्टेवालीने त्यांना आपल्या दारात ओळखलं नाही.

पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती भरात आली. आम्ही सगळे बांधाच्या आतल्या अंगाला उभे. पाणी चढत बांधाच्या गळ्यापर्यंत आलं. अठरा तुकडे गप्प. उरलेल्या एकातून आधी एक थेंब, मग धार, मग बोटभर झरा.

"कुणाचा तो?" खालाने विचारलं. या खेपेला ती बघत होती.

"माझा," मी म्हणाले.

"वाटलंच. शुद्ध हाय, घट्ट न्हाय."

आणि ती धावली. अडुसष्ट-सत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांच्या नावाने बोंब, पण धावली. खोपीतून वाघाचं ब्लँकेट ओढत आली. तिने आणि गोमाभाऊंनी ते गुंडाळून भोकात कोंबलं, मी त्यावर बसले, माझ्यावर डॉक्टरांनी पेंढ्याचा भारा टाकला आणि चिखल लिंपला गेला. बराचसा माझ्यावर. भरती उतरेपर्यंत मी तिथे वाघावर बसून होते. आमचे हे काठीवर रेलून बघत होते. "देवीसारखी दिसतेस," म्हणाले. नंतर तीन दिवस मी त्यांना चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर एकोणीस घरची माणसं हजर. खालाने पाणी तोंडात घेतलं. डोळे मिटले. मला वाटतं, मुद्दामच जास्त वेळ मिटून ठेवले.

"गोड."

त्या हिवाळ्यात पुढचे रविवार एकेकाला मूठभर वालाच्या शेंगा आणि चार मिरच्या एवढंच आलं. पण एकोणिसातली एकही पिशवी गळली नाही.

पुढे मोठं वादळ आलं. आमच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झाडून काढल्यासारख्या आडव्या झाल्या, छपरं गेली. त्या वर्षी पहिल्या रविवारी गोमाभाऊंनी काठी टेकवली आणि म्हणाले, "ह्यो कुणाचा?" पुढच्या ढिगालाही "ह्यो". मग त्याच्या पुढच्याही. एकोणीसच्या एकोणीस 'ह्यो'. मी दुरुस्ती सुचवली नाही.

त्यानंतरच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे हे गेले. रोज सकाळी बघायची माझी सवय तशीच राहिली आणि बघायला काही नव्हतं. हिवाळा आला, वाटे सुरू झाले, आणि खरं सांगते, मी 'ह्यो'ची वाट पाहिली. भोपळा मला नकोच होता, एकटी बाई खाणार किती? पण यावा असं वाटे. आला नाही. अख्खा हिवाळा माझ्या नावाला 'हा', 'हा' आणि 'हा'. मी मनातून खालावर रुसले. सांगते कुणाला!

त्याच हिवाळ्यात खाला मला ढिगांच्या पुढे, आपल्या शेजारी उभी करायला लागली. खाडीकडे तोंड करून. मी पहिल्या दिवशी चारदा वळले. चारदा तिने हनुवटीला धरून माझं तोंड खाडीकडे केलं.

"ढिगाकडं काय बघतेस? घरं बघ."

"इथून कुठली घरं दिसणार?"

"पाठ केली की दिसतात."

होळीला अल्ताफ स्वतः आला, तिला न्यायला. या खेपेला ती नाही म्हणाली नाही. चालायला पाय उरलेच नव्हते. तिकडून दोन हिवाळ्यांनी जी बातमी आली ती इथे लिहायचं कारण नाही. ती इथून निघाली त्या सकाळचं मात्र सांगते. आम्ही सगळे दिघीच्या धक्क्यावर जमलो होतो. फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून पुढे गाडीने मुंबई. खालाने कुणाच्या गळ्यात पडणं वगैरे केलं नाही. अल्ताफच्या हाताला धरून बोटीवर चढली आणि आमच्याकडे पाठ करून, आगरदांड्याकडे तोंड करून उभी राहिली. तोच भुरा स्वेटर, मागे अडकवलेले तेच दोन हात.

गोमाभाऊंच्या काखेत बियांचा डबा होता. सकाळपासून ते तो घेऊन फिरत होते आणि तिने तो कुणाला दिला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. साखळ्या खडखडल्या, बोट हलली. गोमाभाऊ धक्क्याच्या टोकापर्यंत धावले, डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले,

"खाला! ह्यो कुणाचा?"

ती वळली नाही.

"मास्तरणीचा!"

डॉक्टर बुटांकडे बघायला लागले. होमस्टेवालीने आकाशात घार शोधली. रेश्माने पोराची टोपी नीट केली. गोमाभाऊंनी डबा माझ्या हातात दिला, आणि मीही रीतीप्रमाणे मला काही कळलंच नाही असा चेहरा केला.